जागल्या

परवा आठवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पेटीतले खडू कोण घरी नेतो ते सांगू?" त्याने नाव घेण्याआधीच सारा वर्ग ओरडला, "चहाडखोर!" खडू नेणाराही त्या आरोळीत सामील असणारच. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

घरी येताना मनात आले, याच उरणात सप्टेंबर २०१६ मध्ये शाळकरी मुलांनी काही शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले होते. पार मुंबईपर्यंतचा किनारा जागा झाला. शोधात कोणी सापडले नाही. पण त्या दिवशी त्या मुलांना कोणी चहाडखोर म्हटले नाही. परक्याविषयी सांगितले की ती सावधगिरी, आपल्यातल्याविषयी सांगितले की ती चहाडी! बिचारा बिभीषण रामाच्या बाजूचा, सात चिरंजीवांपैकी एक. तरी आपल्याला तो आठवतो तो 'घरभेदी' हा शब्द उच्चारताना. देशावर मुलांना त्याचे नाव ठेवतात म्हणे. माझ्या हजेरीपटावर राम, लक्ष्मण, भरत सारे येऊन गेले. बिभीषण अजून आलेला नाही.

सरकारचे गुपित बाहेर आणणाऱ्या माणसाविषयी आपले मत असेच दुभंगलेले असते. गुपिते असूच नयेत, असे मी म्हणणार नाही. करंजाच्या बाजूला नौदलाचे शस्त्रागार आहे. तिथे कोठे काय ठेवले आहे याची चर्चा मोरा बंदरावर लाँचची वाट पाहताना व्हावी, असे कोणत्या उरणकराला वाटेल? पण गुपितांच्या कायद्याचा जन्मही आठवावा. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीरविषयी सरकारचा एक गुप्त कागद छापला आणि त्याच वर्षी हा कायदा आला. १९२३ मध्ये तो नव्याने झाला. पुढे राज्य बदलले, कायदा राहिला.

म्हणून मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गुपित कोणापासून लपवले होते? शत्रूपासून, की मालकापासून? तिजोरीची किल्ली चोरापासून लपवणे हे शहाणपण; पण मुनिमाने हिशेबाची वही शेठपासून लपवली, तर त्याला कोणी गुपित म्हणत नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने आठव्या कलमात हेच मान्य केले आहे: लोकहित मोठे असेल तर १९२३ च्या कायद्याला न जुमानता कागद दाखवता येतो.

मात्र कागद दाखवणाऱ्याच्या माथ्यावरही एक ओझे असते. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचे लिहिले आणि कारभारी माधवराव बर्वे यांना दोषी धरले. ज्या पत्रांवर ते विसंबले, ती बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. हेतू शुद्ध होता, यात शंका नाही. पण बर्व्यांच्या जागी उभे राहून पाहावे. शुद्ध हेतूने लागलेला डागही डागच असतो.

एवढे शहाणपण सांगितल्यावर आता एक कबुली देतो. आमच्या भागातल्या जमिनी गेल्या, बंदर आले, आणि मोबदल्याच्या याद्या हा घरोघरचा विषय झाला. बारा वर्षांपूर्वी एका कचेरीतल्या कारकुनाने अशीच एक यादी शेतकऱ्यांना दाखवली. ज्यांची वीतभर जमीन नव्हती, अशांची नावे तीत होती. पहिल्या आठवड्यात लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. मग तो निलंबित झाला. दुसऱ्या महिन्यात लोक म्हणू लागले, "नसती उठाठेव!" चौथ्या महिन्यात, "त्याचाही काही स्वार्थ असेल." पुढे यादी खरी ठरली, पण लोकांचे बोलणे थांबले नाही. त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. त्या दिवाळीत पत्नीने विचारले, "त्यांच्याकडे फराळाचे ताट पाठवायचे ना?" मी वर्तमानपत्रातून डोके वर काढले नाही. ताट गेले नाही.

माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार उजेडात आणणाऱ्या तळेगावच्या सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. अशा माणसांच्या रक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत झाला आणि वर्षानुवर्षे अंमलाविना पडून राहिला. त्याबद्दल सरकारला नावे ठेवणे सोपे आहे. पण माझे ताट कोणत्या कायद्याने अडवले होते?

अशा माणसाला मराठीत 'जागल्या' म्हणू लागले आहेत. शब्द जुना आहे: गावाला झोपता यावे म्हणून रात्रभर जागणारा. त्याच्या आरोळीने झोप मोडते, आणि आपला पहिला राग निघतो तो त्याच्यावर. चोराची आठवण मागाहून होते.

उद्या त्या मुलाला पुन्हा उभे करीन. त्याचे बोलणे पुरे होऊ देईन आणि मग ते खरे आहे का, हे तपासून पाहीन. यंदाचे ताट मात्र मी स्वतः घेऊन जाणार आहे. बारा वर्षांचा उशीर झाला आहे. दार उघडायचे की नाही, हे आता त्या घराने ठरवायचे.