दिवे लागल्यावरची भूक

दिवस कलला की बुऱ्हाणपूरच्या बाजारात मावा जिलेबीच्या कढया तापतात. माव्यात आरारोट मळून तळलेली ती जाड, काळपट जिलेबी पाकातून निथळून परातीत येते, तेव्हा वाट वाकडी करून थांबणारे थांबतातच. रमजानात तर तिची मागणी विचारू नका. दिवसभर पाण्याचा घोटही न घेतलेल्या माणसाने इफ्तारनंतर ती खावी, यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो दोन वेळा नीट जेवूनही रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडणाऱ्या आपल्या हाताचा.

याला आपण चटकन 'जिभेचे चोचले' म्हणून मोकळे होतो. हा आळ पुरता खरा नाही. फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १२ जणांना मंद उजेडात ठेवून भुकेचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सर्वांत जास्त असते, असे त्यात दिसले. गोड, खारट, पिठूळ खाण्याची ओढही तेव्हाच वाढते. त्यात दिवसभराचा थकवा. नेमक्या याच वेळी मनाशी झुंजायला बसलो, तर हरणार कोण, हे ठरलेलेच.

जैन घरांतला चौविहार मला म्हणूनच मोलाचा वाटतो. सूर्यास्तानंतर अशन, पान, खादिम, स्वादिम हे चारही वर्ज्य. त्यामागे अहिंसा आहे, वजन घटवणे नव्हे, आणि प्रत्येकाने तो पाळावा असेही मी म्हणणार नाही. पण पच्चक्खाण, म्हणजे त्यागाचा संकल्प, घेतले जाते ते तल्लफ येण्याआधी. मग रात्री 'थोडंसं खाऊ का?' हा वादच उरत नाही.

आपणही निर्णय दिवसाउजेडी घ्यावा. दुपारच्या जेवणात डाळ, उसळ भरपूर असावी. निव्वळ चहावर संध्याकाळ ढकलू नये. केळीच्या बागांच्या या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात पाच वाजता एक केळं आणि मूठभर फुटाणे कुणालाही जमावेत. रात्री जेवण झाले की ओटा पुसून स्वयंपाकघराचा दिवा घालवावा. तरीही पोटात काही हलले, तर स्वतःला विचारावे: दुपारची दादर ज्वारीची भाकरी उरली आहे, ती चालेल का? चालत असेल तर भूक खरी आहे, खुशाल खावी. नुसती शेवच हवी असेल, तर पाणी प्यावे आणि पाठ टेकावी. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते, आणि डबे उघडण्यात जागरण होते ते वेगळेच.

पॉवरलूमवर रात्रपाळी करणाऱ्याला यातले काही सांगू नये. रात्रभर मागावर उभे राहायचे तर त्याने भाजी-भाकरीचा डबा नेलाच पाहिजे. चहा-बिस्किटांवर रात्र काढणे हेच त्याच्यासाठी वाईट. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचे खाणे बंद करू नये. झोपेत साखर उतरण्याचा धोका असतो.