टपाल संप आणि तिसरा माणूस

टपालवाल्यांनी संप केला की भांडण दोघांचे आणि भुर्दंड तिसऱ्याला, असे आपण म्हणतो. हे खोटे नाही. २२ मे २०१८ रोजी देशभरचे ग्रामीण डाक सेवक संपावर गेले आणि खेडोपाडीची शाखा डाकघरे बंद पडली. निराधार विधवेचे पेन्शन, मुलाच्या मुलाखतीचे पत्र, औषधाचे पार्सल, सारे वाटेतच अडकले. त्या विधवेने कोणाची मजुरी बुडविली होती?

परंतु वाचकहो, हा प्रश्न जरा मागे जाऊन विचारला पाहिजे. या सेवकांचे काम दिवसाला तीन ते पाच तासांचे धरीत. त्यांना मिळे तो पगार नव्हे, भत्ता. तो वाढवावा असा अहवाल कमलेश चंद्र समितीने नोव्हेंबर २०१६ मध्येच दिला होता. मंत्रिमंडळाची मंजुरी आली ६ जून २०१८ ला, संपाच्या सोळाव्या दिवशी! दीड वर्षात न जमलेले दोन आठवड्यांत कसे जमले?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने टपालासारख्या सेवेत संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस सांगितली होती. ते दिवस बोलणी करण्यासाठी. त्या दिवसांत जो बोलावयास बसत नाही, विधवेचे पेन्शन प्रथम त्याने अडविले, असे माझे मत आहे. संपकरी त्यामुळे सर्वस्वी मोकळा होत नाही. हातातले औषध पोहोचवून मग संपावर जाणे त्याला अवघड नसते.

नोटिशीची बातमी आपणही वाचतो. शेजारच्या म्हातारीचे पैसे कोणत्या तारखेला येतात, एवढे तेव्हाच विचारून ठेवता येते.