एकोणीस पायऱ्या

युद्धाच्या आठवणी घरोघरी निवडूनच सांगितल्या जातात. मुंबईतल्या जुन्या माणसांना १९७१च्या ब्लॅकआउटबद्दल विचारा. काचांवरचा काळा कागद, गाड्यांचे अर्धे काळे रंगवलेले दिवे, भोंगा होताच अंधारात जमणारी चाळ, सगळं रंगवून सांगतील. शहर बचावलं होतं, म्हणून ते जमतं.

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कित्येक घरांना ते जमलं नाही. ३ मार्च १९४३ची रात्र. दोनच दिवसांपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर जबर बॉम्बफेक केली होती. वचपा निघणार हे सगळे धरून होते. बेथनल ग्रीनच्या अपुऱ्या राहिलेल्या भुयारी स्टेशनात कुटुंबंच्या कुटुंबं अंथरूण-पांघरूण घेऊन झोपायला येत. आत खाटा होत्या, वाचनालयही होतं. भोंगा झाला, लोक निघाले. इतक्यात जवळच्या व्हिक्टोरिया पार्कातून विमानविरोधी रॉकेटं सुटली. हा आवाज लोकांच्या ओळखीचा नव्हता. जिना पावसानं ओला, मिणमिणता एक दिवा, मधोमध धरायला कठडा नाही. खालच्या पायऱ्यांपाशी एक बाई पडली, तिच्यावर मागचा माणूस, त्याच्यावर त्याच्या मागचा. वरच्यांना काही दिसत नव्हतं. ते रेटत राहिले. त्या १९ पायऱ्यांवर १७३ माणसं चेंगरून, गुदमरून मेली. त्यांत ६२ मुलं होती. तिथे बॉम्ब एकही पडला नव्हता.

वर्तमानपत्रांनी जागेचं नाव छापलं नाही. चौकशीचा अहवाल १९४५पर्यंत दडवून ठेवला गेला. वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं गेलं. युद्ध संपलं, सेन्सॉर गेला, पण घरातलं मौन काही सुटलं नाही. बॉम्बनं माणूस गेला तर शत्रूला शिव्या घालता येतात. इथे कुणाला घालायच्या? आपल्या पायाखाली कोण आलं, मुलाचा हात नेमका केव्हा सुटला, हे आईनं कुणाला सांगावं? अनेकांनी पोटच्या मुलांनाही सांगितलं नाही.

खरं तर ते प्रवेशद्वार धोक्याचं आहे हे स्थानिक नगरपालिकेनं १९४१मध्येच वर कळवलं होतं. दुरुस्तीची परवानगी नाकारली गेली. एवढी एक गोष्ट त्या घरांना वेळेवर कळती, तर सरकारच्या वाट्याचा अपराध त्यांनी आपल्या माथी घेतला नसता. गुप्ततेनं शत्रूपासून काय लपवलं कोण जाणे. या माणसांपासून मात्र त्यांचं निर्दोषत्व लपवलं. मला हा त्या रात्रीइतकाच मोठा अन्याय वाटतो.

मृतांची नावं कोरलेलं स्मारक तिथे पुरं झालं ते २०१७मध्ये, तेही वाचलेल्यांनी आणि नातलगांनी वर्षानुवर्षं पैसे जमवल्यावर.