कागद मागणे म्हणजे क्षमा नाकारणे का?



आईच्या महिन्याच्या मिस्सानंतर घरी जेवणे चालू होती. माझे थोरले काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "हॉस्पिटलमधून कागद मागवलेस म्हणे? अरे, कशाला? कागद आल्याने आई परत येणार आहे का? देवाने नेले तिला. आता माफ कर आणि सोडून दे."

काकांच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच त्यांचा प्रश्न मनातून जाईना. आपल्या धर्मग्रामातील आणखी काही घरांत हाच प्रश्न पडला असेल, म्हणून लिहितो आहे.

आई सदुसष्ट वर्षांची होती. त्या रात्री जेवणानंतर तिला छातीच्या खाली जळजळ, मळमळ आणि थकवा जाणवू लागला. आम्ही तिला रुग्णालयात नेले. ईसीजी काढला, तो ठीक आला. अ‍ॅसिडिटीचे इंजेक्शन देऊन तिला रात्रभर ठेवून घेतले. पहाटे तिची प्रकृती एकाएकी ढासळली आणि उजाडण्यापूर्वी ती गेली. कारण सांगितले ते हृदयविकाराचा झटका.

पुढे एका ओळखीच्या डॉक्टरांकडून मला काही गोष्टी समजल्या. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीतल्या तीव्र कळेने येत नाही. मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, दम लागणे, घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणे एवढेच दिसते. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून धोका टळला असे होत नाही. शंका असेल तर तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने करतात. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली. आईच्या बाबतीत हे झाले होते का?

"देवाची इच्छा" असे आपण म्हणतो. मरण परमेश्वराच्या हाती आहे हे मी मानतो. परंतु माणसाकडून राहून गेलेले काम देवाच्या नावावर टाकणे योग्य आहे का? घराचे छप्पर कोसळले तर आपण प्रार्थना करतो आणि कोणता वासा कुजला होता तेही पाहतो, कारण त्याच घरात उद्या दुसरे कोणी झोपणार असते.

आणि क्षमा? आपण कशाची क्षमा करत आहोत हेच ठाऊक नसेल तर त्याला क्षमा म्हणता येईल का? तो विषय टाळणे झाले. टाळलेला विषय मनात कुजत राहतो. न पाहिलेल्या डॉक्टरवर आपण मनातल्या मनात रोज खटला चालवतो आणि रोज शिक्षा सुनावतो. पुराव्याशिवाय दुसऱ्याला दोषी ठरवणे हेदेखील आठव्या आज्ञेविरुद्धच आहे. म्हणजे कागद पाहणे हे जसे आईचे देणे होते, तसेच त्या डॉक्टरचेही होते.

कागद मागणे हा काही भांडखोरपणा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास 72 तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. मी साधा लेखी अर्ज केला, नात्याचा पुरावा जोडला, झेरॉक्सचे पैसे भरले आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. फक्त डिस्चार्ज समरीवर न थांबता केस पेपर, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि सर्व रिपोर्ट मागितले.

नर्सच्या नोंदीत रात्री दोन वाजता लिहिले होते: घाम येत आहे, जबडा दुखतो म्हणते, डॉक्टरांना फोनवर कळवले. त्यापुढची नोंद साडेचारची. मध्ये दुसरा ईसीजी नाही, रक्ताची तपासणी नाही. ते वाचताना माझे हात थरथरले.

मग मी पहिले पान पुन्हा उघडले. पूर्वीचे आजार या रकान्यात लिहिले होते: मधुमेह नाही. आईला मधुमेह होता. पथ्यावर आटोक्यात होता, गोळ्या बंद झाल्या होत्या. ती माहिती कोणी दिली? मीच. डिपॉझिट भरण्याच्या गडबडीत तरुण डॉक्टरने विचारले तेव्हा मी म्हणालो होतो, "तसा काही आजार नाही, अ‍ॅसिडिटी सोडून."

मी दुसऱ्याची चूक शोधायला गेलो होतो. माझीही सापडली.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एक क्रम घालून दिला आहे: ज्याचे चुकले त्याच्याकडे आधी एकट्याने जा, मग एकदोघांना बरोबर घे आणि त्यानंतर मंडळीपुढे मांड. मी त्या डॉक्टरांची वेळ मागितली. माझी चूक आधी सांगितली, मग दोन वाजताची नोंद त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी यायला हवे होते. दुसरा ईसीजी काढायला हवा होता." आई वाचली असती का, हे ते सांगू शकले नाहीत. मीही ते विचारले नाही.

ज्यांना पुढची पायरी चढावी लागते त्यांना मी दोष देत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि तिथे दाद मागायला साधारणपणे 2 वर्षांची मुदत असते. त्याच न्यायालयाने 2005 मध्ये हेही स्पष्ट केले की निदानातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. म्हणून आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरला कागद दाखवावेत. काचा फोडणे, डॉक्टरवर हात उगारणे हा मात्र मार्ग नव्हे. आपल्या राज्यात 2010 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच ठरले असते.

तक्रार करावी की नाही, यावर आम्हा भावंडांचे अजून एकमत झालेले नाही. धाकटी बहीण म्हणते, करायलाच हवी, नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाच्या आईची रात्रीची नोंद अशीच पडून राहील. तिचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. रुग्णालयाला आम्ही एक पत्र मात्र दिले आहे: नर्सने रात्री असे कळवल्यास डॉक्टरने येऊन पाहावे, असा नियम करा. उत्तराची वाट पाहतो आहोत.

काकांना मी आता एवढेच सांगेन: काका, आई परत आली नाही. पण रात्री प्रार्थनेला बसल्यावर त्या डॉक्टरचे नाव घेताना माझा आवाज आता अडखळत नाही. माझे स्वतःचे नाव घेताना अजून अडखळतो. त्यासाठी तुम्ही प्रार्थना करा.

आणि वाचकहो, आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आजार, गोळ्या आणि अ‍ॅलर्जी एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवा. घाईच्या वेळी आपली आठवण दगा देते, हे मी अनुभवाने सांगतो.