शक्तीपुरते तप

शरीर हे धर्माचे पहिले साधन, या अर्थाची कालिदासाची ओळ पुष्कळ व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेली असते. शारीरिक शिक्षण शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ही ओळ रोज डोळ्यांसमोर होती. ती कोण कोणाला म्हणतो, हे मात्र भिंत सांगत नाही. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वती शंकरासाठी तप करते आहे आणि शंकरच ब्रह्मचाऱ्याच्या वेषात तिची परीक्षा घ्यायला येतो. आल्या आल्या तो चौकशी करतो. समिधा आणि दर्भ सहज मिळतात ना? स्नानाला पाणी नीट आहे ना? आणि तप आपल्या शक्तीप्रमाणेच चाललंय ना? या शेवटच्या प्रश्नाला लागूनच ती ओळ येते. आपण ती अजून दहा जोर काढायला लावण्यासाठी वापरतो. मुळात तिच्यात काळजी आहे.

आमच्या रत्नागिरीत हा प्रश्न दर नवरात्रात उभा राहतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर येतात. ओहोटी असली की पाण्यालगतची ओली वाळू घट्ट होते, तिथे धावायला बरं पडतं. मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मिळून 50 गुण. त्या गुणांवर कुणाच्या बहिणीचं शिक्षण, कुणाच्या घराचं कर्ज अवलंबून असतं. यातल्या कितीतरी जणी नऊ दिवस उपवास धरतात, अनवाणी राहतात आणि रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला चालत जातात. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. आमच्याकडे हवेत एवढा दमटपणा असतो की घाम अंगावरून नुसता वाहतो, वाळत नाही. घाम वाळला तरच अंग थंड होतं. एरवी पाणी आणि क्षार तेवढे जातात, ताप आत साठत राहतो.

निर्जळी उपवासात धावायला आलेल्या एका मुलीला मी थांबवलं, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, शक्ती देवीच देते ना? मग तिच्यासाठी थोडं सोसलं तर बिघडलं काय?"

हा प्रश्न आहारशास्त्राने सुटत नाही. सोसण्यात पुण्य आहे की नाही, असं ती विचारत होती.

माझं उत्तर गीतेच्या आधाराने आहे. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्यालाही योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. सतराव्या अध्यायात त्याहून कडक शब्द आहेत. जे हट्टाने शरीराला पिळतात, ते शरीरात राहणाऱ्या मलाही पिळतात, असं तिथे म्हटलं आहे. देवीसाठी देह झिजवायचा म्हटलं, तरी त्या देहात देवी आधीच बसलेली आहे. तहानेने कोणाचा घसा कोरडा पडतो, हे मग नीट विचारावं लागतं.

आपल्या वैद्यांनी तर याचं मोजमापही दिलं. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असं सुश्रुत आणि वाग्भट दोघेही सांगतात. अर्धी शक्ती संपली हे ओळखायचं कसं? सुश्रुताची खूण सोपी आहे : छातीतला श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावं. आजचे प्रशिक्षक धावता धावता बोलायला लावतात. सलग वाक्य बोलता येईना, की वेग वाढला असं समजतात. दोन्ही खुणा एकाच जागी बोट ठेवतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. वाग्भट पुढे असंही म्हणतो की अर्ध्या शक्तीचा व्यायाम थंडीत आणि वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी. नवरात्र शरदात येतं.

पण पार्वतीने ऐकलं कुठे? ती मागे हटली नाही, गळून पडलेली पानं खाणंही तिने सोडलं होतं, म्हणून ती अपर्णा. हा आक्षेप मला खरा वाटतो आणि मी तो टाळत नाही. कधीतरी सगळी शक्ती पणाला लावावीच लागते. भरतीच्या दिवशी शेवटच्या 200 मीटरमध्ये अर्ध्या शक्तीने धावा, असं मी कोणाला सांगणार नाही. मात्र कालिदासाने ते तप पायरीपायरीने चढवलं आहे. आधीच्या तपाने फळ येत नाही असं दिसल्यावर ती पुढच्या कठोर तपाकडे वळली. आमच्या गावात जन्मलेल्या टिळकांचंही तसंच. प्रकृती नाजूक होती, म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवलं. मंडालेचा तुरुंग फार पुढे आला.

पायरी गाळली की काय होतं, ते 2024 मध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दिसलं. उन्हादमटात 10 किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून जास्त तरुण गेले. चाचणी घेणाऱ्याचा धर्म काय, हा प्रश्न मला तिथून जास्त छळतो. शंकरही परीक्षाच घेत होता, पण त्याने आधी पाणी आहे का ते विचारलं. मैदानावर ज्याच्या हातात घड्याळ आहे, त्याने सावली, पाणी, आधीचा आजार, छातीत कधी दुखलं का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, हे विचारल्याशिवाय शिट्टी वाजवणं मला अधर्म वाटतो. मुलींना पाळीबद्दलही विचारावं लागतं. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की पाळी चुकते, हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली याबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे. आमच्याकडे मात्र पाळी लांबली की व्रताला सोयीचं झालं, म्हणून मुली खूशही होतात.

त्या मुलीने उपवास सोडला नाही, मीही सोडायला लावला नाही. पाणी, शहाळं, राजगिरा, केळी, दूध यांवर तिने तो धरला. गडावर ती अनवाणी गेली, पण वाळूवर बूट घालून हळूहळू धावली, माझ्याशी बोलत. नवरात्रात मी वेळ लावून कोणाचीही चाचणी घेत नाही. ती दसऱ्यानंतर, पहाटे, आदल्या रात्री सगळ्या नीट जेवून झोपल्या आहेत याची खात्री करून.