उग्र मुद्रेचा अर्थ

दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या कागदावर निघणाऱ्या साहसकथांच्या मासिकांनी मुखपृष्ठाची एक ठरीव चित्रभाषा घडविली : अरुंद भुयार, मशालधारी गोरा वीर आणि त्याच्यासमोर जबडा पसरलेली एखादी पौर्वात्य मूर्ती. या चित्रांचे आज पुनर्निर्माण करणारा चित्रकार आपण केवळ शैली उचलतो, दृष्टी नव्हे, असा बचाव करीत असतो. शैली व दृष्टी यांची अशी फारकत संभवते काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे नृसिंहाचे प्रसिद्ध क्षेत्र. ती मुखपृष्ठे छापली जात होती तेव्हा हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथील भाविकाला परिचित असलेली नृसिंहाची मुद्रा वरील चित्रभाषेत उतरविली, तर तिचा एकच अर्थ उरतो. तो म्हणजे धोका. पुराणकथेत मात्र दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर, घराच्या आतही नव्हे व बाहेरही नव्हे अशा उंबरठ्यावर प्रकटलेली हीच मुद्रा हिरण्यकशिपूला मृत्यू आणि प्रल्हादाला अभय देते. उग्रता मूर्तीत असतेच. परंतु तिचा अर्थ पाहणारा कोठे उभा आहे यावर ठरतो. मुखपृष्ठ वाचकाला परस्पर हिरण्यकशिपूच्या जागी उभे करते आणि वर त्यालाच वीर म्हणते!

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४) हा अशा पुनर्निर्माणाचा ठळक नमुना होय. कथानक १९३५ मधील भारतात घडते. संहितेवर भारत सरकारने आक्षेप घेतल्याने चित्रीकरण श्रीलंकेत झाले. गावाची हरवलेली पवित्र शिळा गावाला परत मिळते, हे या चित्रपटाच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. पण ती आणून देणारा बाहेरचा, आणि गावकरी केवळ हात जोडणारे. १९३५ च्या चित्रकाराला निदान अज्ञानाची सबब होती. अर्धशतकानंतरच्या अनुकर्त्याला ती उरत नाही, कारण त्याने ही दृष्टी वारशाने घेतलेली नसून निवडलेली असते. निरागसतेचे अनुकरण करता येत नाही. केले तर ते ढोंग ठरते.

तथापि ही शैली मुळातच त्याज्य मानणे घाईचे होईल. त्याच १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ काढला. मुखवटा, चाबूक, घोडेस्वारी हा सारा सरंजाम पाश्चात्त्य साहसपटांच्या ओळखीचा. परंतु दुष्ट वझिराने गिळू पाहिलेले राज्य आणि त्यासाठी झुंजणारी राजकन्या ही पडद्यावर प्रेक्षकाच्या आपल्या बाजूची होती. पाहणाऱ्याची जागा येथे बदलली होती, आणि त्यासाठी शैली टाकून द्यावी लागली नव्हती. अर्थात ती राजकन्या साकारणारी नादिया ऑस्ट्रेलियातील पर्थची, गौरवर्णी होती, ही गुंतागुंत शिल्लक राहतेच.