गुलाबी गाठ

ऑगस्टच्या मध्यावर चिखली-मेहकरकडच्या कुठल्याही सोयाबीनच्या वावरात जा. पेरणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झालेले असतात. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं कडेची माती मोकळी करून ते अलगद उचला, मुळं पाण्यात हलवा. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतील. एखादी नखानं फोडा. आत ताज्या मांसासारखा गुलाबी रंग असला, तर गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर नाही.

तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. हवेत 78 टक्के नत्र असूनही झाडाला ते थेट घेता येत नाही. ते पकडून देतात ब्रॅडीरायझोबियम जिवाणू. पण नत्र पकडणारं त्यांचं विकर प्राणवायूनं निकामी होतं आणि जिवाणूंना श्वासाला तर प्राणवायू हवाच! हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवतं. प्राणवायू मोकळा फिरू न देता ते गरजेपुरता पोचवत राहतं.

झाड-जिवाणूंच्या या संसाराची सुरुवात बोलण्यानं होते. मूळ मातीत काही रसायनं सोडतं. ओळखीचा जिवाणू त्याला स्वतःच्या रसायनानं उत्तर देतो. उत्तर जुळलं, तरच मुळावरचा केस वळतो आणि जिवाणूला आत घेतो. मग झाड घर बांधतं, साखर पुरवतं. जिवाणू नत्र देतो. आपल्याकडे सावडीत बैलजोडी देतात-घेतात, तसंच हे.

याला निसर्गातला निःस्वार्थ भाव म्हणणं मला पटत नाही. 2003 साली जीवशास्त्रज्ञ टोबी कीर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींना नत्र नसलेली हवा दिली. तिथल्या जिवाणूंना नत्र देताच येईना. झाडानं त्या गाठींचा प्राणवायू कमी केला आणि त्यांतल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. कामचुकाराला झाड पोसत नाही. त्याहून मोठी गोष्ट युरियाची. वरून भरपूर नत्र मिळालं, की झाड गाठीच कमी धरतं. फुकटची सोय आली, की जोडीदाराची गरज संपते.

माणसांचं याहून वेगळं नाही. टँकर रोज दारात येत राहिला, तर नाल्यावर खोदायला कोण जाईल? मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडनं 2018 च्या वॉटर कपमध्ये, गावांच्या जलसंधारण स्पर्धेत, राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. पंचेचाळीस दिवसांची स्पर्धा, भर उन्हाळ्यातलं श्रमदान, आणि झालेल्या कामाचं माप. ते माप मला फार मोलाचं वाटतं. कोणी किती खोदलं हे गावासमोर असलं, तर राबणाऱ्याचा हात चालू राहतो. एकीची भाषणं आपण भरपूर ऐकली. गावकीत हिशेब मागणाऱ्याला मात्र अजून भांडखोर ठरवतो. हे चूक आहे. हिशेब नसलेली एकी राबणाऱ्यालाच खाते.

येत्या खरिपात दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम सोयाबीनच्या रायझोबियम जिवाणूंचं संवर्धक चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. युरियाचं पोतं फोडण्याआधी, चाळिसाव्या दिवशी, पोराबाळांना घेऊन वावरात जा आणि त्यांच्याच नखानं एक गाठ फोडून पाहू द्या.